जोकीम रुमावची चौकशी

“आता प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची,” प्रोफेसर साल्वियाती म्हणाल्या. “पण ती गोष्ट पुरती संपलेली हवी. आजच्या दिवसाशी तिचा काही संबंध उरलेला नको.”

इटालियनमध्ये भूतकाळ दोन तऱ्हांनी सांगतात. सकाळी कॉफी प्यायलो हे एका तऱ्हेने, आणि पणजोबा लढाईत गेले हे दुसऱ्या. ही दुसरी तऱ्हा आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना फार छळायची, तिची रूपं काही केल्या तोंडात बसत नसत. दानुता नावाची पोलिश बाई उठली आणि आपण एका खलाशाच्या प्रेमात पडलो होतो, असं तिने बिनचूक सांगितलं. वर्ग हसला. मग जोकीम रुमावची पाळी आली.

तो उभा राहिला. “फुइ,” म्हणाला. म्हणजे ‘मी होतो’. आणि तिथेच अडला.

“काय होतात, सिन्योर रुमाव?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. उतारावरची घरं, खाली दरीत साचलेलं धुकं. इतका वेळ गेला की दानुतासुद्धा मागे वळून बघायला लागली. मी त्याच्या समोर जरा तिरकी बसले होते, त्यामुळे त्याचे ओठ मला दिसत होते. ते एका शब्दासाठी मिटले, ‘प’ किंवा ‘म’ म्हणताना मिटतात तसे. मग त्याने तो शब्द गिळला.

“फुइ जोवाने,” तो म्हणाला. मी तरुण होतो.

पुन्हा हशा झाला. प्रोफेसरबाईंनी टाळी वाजवली. मी मात्र हसले नाही. मी मनातल्या मनात शब्द शोधत होते. ‘मारितो’, म्हणजे नवरा? ‘प्रिजोनिएरो’, म्हणजे कैदी? या माणसाने काय गिळलं?

त्याच्यावर नजर ठेवायचं काम मला घरूनच मिळालं होतं.

आम्ही वसईचे, ख्रिस्ती, आडनाव तुस्कानो. मुंबईत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी इटालियन शिकले आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून एक वर्षासाठी इटलीत, उम्ब्रियातल्या त्या डोंगरावरच्या विद्यापीठात आले. तिथे भाषेबरोबर चित्रकला, इतिहास, खाणंपिणं, सगळं शिकवायचे. आडनावामुळे पहिल्या दिवसापासून माझी थट्टा व्हायची. माझी घरमालकीण सिन्योरा आस्सुन्ता हिने तर दार उघडल्या उघडल्या विचारलं होतं, “तुस्कानो? म्हणजे तोस्कानातली? आम्ही इकडचे लोक शेजारच्या तोस्कानावाल्यांवर विश्वास ठेवत नाही.” मी भारतातून आलेय हे समजल्यावर तिने खोली दिली, पण माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघायचं काही सोडलं नाही.

मी येऊन महिना झाला असेल, तेव्हा आईचा फोन आला. घरी आम्ही कादोडी, वसईकडची बोली, बोलतो. इथे साध्या मराठीत लिहिते.

“ब्रिजू, दुमिंगमामाने ओलिंडासाठी माणूस आणलाय.”

ओलिंडा माझी मोठी बहीण. गावच्या शाळेत गणित शिकवायची. चौतिशीला आली होती. आलेली स्थळं तिने स्वतःच परतवली होती, आणि ती का परतवली हे ती कुणाला सांगायची नाही.

“मग? नाही म्हणाली असेल.”

“हो म्हणाली! एकदाच भेटली, मामाच्या घरी, आणि हो म्हणाली. रुमाव आहेत. मूळचे इकडचेच, गासचे, पण बाप रेल्वेत होता, सगळं आयुष्य भुसावळला गेलं. इकडे त्यांना कुणी ओळखत नाही. एक म्हातारी आत्या आहे, ती काही बोलत नाही. चाळिशी उलटलीय त्याची. एवढी वर्षं काय करत होता, विचारलं तर दुमिंग म्हणतो, समाजसेवा.”

“मामा म्हणतोय तर असेल चांगला.”

“दुमिंग जन्मात कुणाबद्दल चांगलं बोलला नाही. याचं एवढं कौतुक करतोय, म्हणूनच मला शंका येते.” आईने आवाज खाली आणला. “तो तुझ्याच विद्यापीठात येतोय. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांची कंपनी आहे, त्यांना तिकडून यंत्रं आणायचीयत, म्हणून याला भाषा शिकायला पाठवतायत. तू बघ जरा. पितो का, बाईबिई आहे का, रविवारी मिस्साला जातो का. ओलिंडाला यातलं काही कळू देऊ नकोस.”

आणि तो आला. उंच, सावळा, कानांवर केस पांढरे व्हायला लागलेले, हळू बोलणारा. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाला, “तू ब्रिजिट ना? ओलिंडाची बहीण.” बोलणं अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी. त्याला काय हाक मारावी हेच मला समजेना. भाऊजी म्हणावं तर अजून काही ठरलेलं नाही, नुसतं जोकीम म्हणावं तर वयाने केवढा मोठा. मी नावाशिवायच बोलायला लागले.

त्याचं इटालियन विचित्र होतं. ब्रेड मागता यायचा नाही, पण व्याकरणाच्या अवघड जागा सहज पार करायचा. मी एकदा विचारलं, “कुठे शिकलात एवढं?”

“भुसावळकडे.”

“भुसावळला इटालियन कोण शिकवतं?”

“होते एक म्हातारे,” तो म्हणाला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

चित्रकलेच्या तासाला आम्हाला शहरातल्या चर्चेसमधून हिंडवायचे. भिंतीवर रंगवलेले संत, त्यांचे निळे झगे, मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मारिया. आमच्या वर्गातले जपानीसुद्धा आत जाऊन माना वर करून बघायचे. जोकीम रुमाव दारापर्यंत यायचा आणि बाहेर पायऱ्यांवर थांबायचा. प्रत्येक वेळी. एकदा म्हणाला चप्पल तुटली, एकदा म्हणाला डोकं दुखतंय. वसईचा माणूस आणि चर्चच्या दारात थांबतो! आमच्याकडे दारुडेसुद्धा निदान मागच्या बाकावर येऊन बसतात. मला वाटायला लागलं, हा ख्रिस्ती तरी आहे की नाही?

रविवारी सकाळी तो बसने दुसऱ्या गावाला जायचा. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं. सोमवारी विचारलं तर म्हणायचा, “जरा फिरून आलो.”

आणि मग दानुता. विद्यापीठाच्या मागे सायप्रसची झाडं होती, तिथल्या बाकावर मी त्या दोघांना बघितलं. ती रडत होती. हुंदके देत, तोंड न झाकता. तो शेजारी बसला होता, तिच्याकडे न बघता, मान थोडी खाली घालून. तिने त्याचा हात धरला, कपाळाला लावला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

घरी येऊन मी सिन्योरा आस्सुन्ताला सगळं सांगून टाकलं. ऐंशीच्या पुढची बाई, नवरा कधीच गेलेला, मुलगी लांब तोरिनोला. तिला माझ्याशिवाय बोलायला कुणी नव्हतं आणि मलाही तिच्याशिवाय.

“त्याचे हात बघितलेस?” तिने विचारलं. तो एकदा माझं पुस्तक परत करायला आला होता, तेव्हा तिने त्याला दारातून आपादमस्तक बघून घेतलं होतं. “समाजसेवा म्हणतो ना? शेतकऱ्याचे नाहीत, कारकुनाचे नाहीत. बोलताना ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही. अशा माणसाने काहीतरी सोडलेलं असतं. बायको, किंवा नोकरी, किंवा तुरुंग.”

“मी घरी काय सांगू?”

“आधी समोर बसवून विचार. लग्नाचा प्रश्न आहे. त्याला जेवायला बोलाव. मी मसूर शिजवते. खाताना माणसाला खोटं बोलणं जड जातं. मी स्वयंपाकघरात असेन, दार किलकिलं ठेवून.” बोलता बोलता तिचे गाल लाल झाले होते. कितीतरी दिवसांत तिला एवढं मनासारखं काम मिळालं नव्हतं.

फेब्रुवारीतला शनिवार होता तो. सकाळपासून बर्फ पडत होतं. आम्हाला वाटलं तो येणार नाही, पण दुपारी दारात उभा, खांद्यावर बर्फ, हातात संत्र्यांची पिशवी. सिन्योराने त्याला शेगडीशेजारी बसवलं, ताटल्या वाढल्या आणि ‘मला काम आहे’ म्हणून आत गेली. दार तिने ठरल्याप्रमाणे पुरतं लावलं नाही.

मसुरीचं घट्ट वरण, त्यावर ऑलिव्हचं तेल, भाजलेला पाव. तो मन लावून जेवत होता. मी चमचा खाली ठेवला.

“एक विचारू?”

“विचार की.”

“तुमचं आधी लग्न झालंय?”

त्याने पावाचा तुकडा ताटलीत ठेवला. मग म्हणाला, “नाही.”

“तुरुंगात होता?”

तो हसला. “नाही.”

“दानुता कोण तुमची?”

“वर्गातली. तुझी जेवढी, तेवढीच.”

“तेवढीच असती तर ती माझाही हात धरून रडली असती.” मी मराठीत बोलत होते, आवाज चढत होता आणि आत सिन्योराला यातलं एक अक्षर समजत नसणार हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “ओलिंडाने आजवर कुणाला हो म्हटलेलं नाही. तुम्हाला म्हणालीय. आमच्या घरापासून तुम्ही काय लपवताय?”

“मी काहीच लपवलेलं नाही,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली. “तुझ्या मामांना सगळं माहीत आहे. त्यांना विचार.”

“म्हणजे विचारण्यासारखं आहे काहीतरी.”

“ब्रिजिट, मला वाटत होतं तुलाही...”

आत भांडं पडलं. त्यामागोमाग आणखी काहीतरी, जड आणि मऊ.

सिन्योरा आस्सुन्ता चुलीपाशी जमिनीवर पडली होती. एक हात छातीखाली दुमडलेला, तोंड राखेसारखं. जोकीमने तिला उचलून भिंतीशी, उशीला टेकवून बसवलं. शुद्ध होती, पण श्वास लागला होता. मी फोनकडे धावले. रुग्णवाहिकावाले म्हणाले, खालचा रस्ता बर्फाने बंद आहे, चाकांना साखळ्या लावून येतोय, पण वेळ लागेल. बाईला हलवू नका, बोलतं ठेवा.

मी परत आले तर ती बोलतच होती. एकच शब्द. “प्रेते. प्रेते.”

म्हणजे धर्मगुरू. मरणाआधी फादरजवळ आपली पापं सांगायची, क्षमा घ्यायची, मग डोळे मिटायचे. आमच्याकडेही म्हातारी माणसं याच एका गोष्टीची धास्ती घेऊन जगतात, की त्या वेळी फादर पोचेल ना. मी पुन्हा फोन लावला. चर्चमधल्या बाईने सांगितलं, फादर सकाळीच दरीतल्या गावात दफनाला गेलेत, वर येऊ शकत नाहीत. दुसरे कुणी? दुसरे कुणी नाही.

मी तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. “सिन्योरा, येतायत ते,” म्हणाले. सरळ खोटं.

तिने डोळे उघडले आणि त्याच बारीक नजरेने माझ्याकडे बघितलं. “तोस्कानावाली,” ती म्हणाली. विश्वास बसलेला नव्हता. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं. एवढी भीती मी कुठल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. काहीतरी होतं तिच्याजवळ, जुनं, आणि ते घेऊन तिला जायचं नव्हतं.

जोकीम आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर. मला त्याचा राग आला. माणूस मरतंय आणि हा बाहेरचं बर्फ बघतोय.

“काहीतरी करा ना!” मी ओरडले.

तो वळला. चेहरा इतका बदललेला होता, की क्षणभर मला तो भेटलाच नव्हता असं वाटलं.

“ब्रिजिट, तू जरा बाहेर थांब.”

“का?”

“तिला एकटीला बोलायचंय.”

“फादरशी बोलायचंय तिला! तुमच्याशी नाही. कुठून आणणार आहात फादर?”

“मी आहे,” तो म्हणाला.

मला काही समजलं नाही. पण त्याच्या सांगण्यात असं काही होतं, की मी उठले आणि बाहेरच्या बोळात जाऊन उभी राहिले. त्याने दार ओढून घेतलं. जुनं दार, नीट बसायचं नाही. मी कान बंद करावेत म्हणून भिंतीवरच्या कोटांमध्ये तोंड घातलं. तरी तिचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तो काही बोलत नव्हता. बराच वेळ गेला. मग ती गप्प झाली.

“इयो...” त्याचा आवाज आला. ‘मी’. आणि तो अडला, वर्गात अडायचा तसा. पुन्हा म्हणाला, “इयो ति...” ‘मी तुला’. पुढचा शब्द त्याला येत नव्हता.

आणि मग, त्या डोंगरावरच्या घरात, बर्फात, मला स्वच्छ ऐकू आलं:

“मी तुझ्या पापांची तुला क्षमा करतो, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.”

हे वाक्य मी लहानपणापासून, पापं कबूल करायला गेले की, लाकडी जाळीच्या पलीकडून फादरच्या तोंडून ऐकत आले होते. पाठ केलेलं वाक्य आणि हजारदा म्हटलेलं वाक्य यांतला फरक कानाला कळतो. हे हजारदा म्हटलेलं होतं. ऐकता ऐकता माझ्याही हाताने आपोआप क्रूसाची खूण केली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्याने दार उघडलं. सिन्योराचा श्वास तसाच लागलेला होता, पण मुठी सुटल्या होत्या.

“ती कुठली भाषा?” तिने त्याला विचारलं.

“मराठी, सिन्योरा.”

“देवाला येते?”

“येते.”

तिने थोडा विचार केला. पटलं असावं. रुग्णवाहिकेची माणसं बुटांचं बर्फ झटकत जिना चढून आली तेव्हा तिने त्यांना फरशी ओली केल्याबद्दल रागावायचा प्रयत्न केला. तिला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलमध्येच वारली, तोवर तोरिनोहून मुलगी पोचली होती.

रुग्णवाहिका गेल्यावर आम्ही दोघं जिन्यात बसलो. घरात परत जावंसं कुणालाच वाटेना.

“तुम्ही फादर आहात,” मी म्हणाले.

“होतो.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “तुला खरंच माहीत नव्हतं?”

“मला कोण सांगणार?”

“मामांनी मला सांगितलं, घरी सगळ्यांना कल्पना दिलीय, त्यांना चालतंय, फक्त विषय काढू नकोस, लाजिरवाणं वाटेल. मला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू मला पारखून बघतेयस. ते मला रास्तच वाटायचं.”

मी कपाळाला हात लावला. दुमिंगमामा! इतके महिने मी या माणसाच्या मागे होते, आणि आमचा स्वतःचा मामा...

“बाई होती?” मी विचारलं. “म्हणजे, सोडलंत ते.”

“नव्हती. सगळे आधी हेच विचारतात. नाही म्हटलं की त्यांची निराशा होते.” तो बुटाच्या टोकाकडे बघत बोलायला लागला. “भुसावळकडचे ते म्हातारे म्हणजे इटालियन मिशनरी. मी पुढे सुरगाण्याकडे मिशनवर होतो. एकटाच. पाड्यापाड्यांवर फिरायचो. एका पावसाळ्यात तापाने पडलो. लोक पेज घेऊन यायचे आणि दारात ठेवून जायचे. आत कुणी यायचं नाही. फादरच्या खोलीत कसं जायचं, म्हणून. आदरच होता तो. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे मला निभणार नाही. पण त्यानंतरही कित्येक वर्षं रेटलं. शेवटी रोमला, पोपकडे अर्ज केला. बऱ्याच काळाने व्रतातून मोकळीक मिळाली. आता मी लग्न करू शकतो, चर्चमध्ये, रीतसर.”

“मग आज केलंत ते चालतं?”

“एरवी नाही. पण माणूस मरणाच्या दारात असेल आणि दुसरं कुणी नसेल, तर आमच्यासारख्यानेसुद्धा करायचं असतं. तेवढं आमच्याकडून काढून घेत नाहीत.”

“चर्चमध्ये का येत नाही?”

“रविवारी जातो ना. बसने, जिथे कुणी ओळखत नाही तिथे. पण वर्गाबरोबर, चित्रं बघायला म्हणून आत शिरायचं...” त्याने मान हलवली. “बाकावर बसायची अजून सवय नाही मला.”

“आणि दानुता?”

“ते मी सांगू शकत नाही. लोक येऊन बोलतात माझ्याशी. त्यांना कसं समजतं कुणास ठाऊक. मी काही बोलत नाही, तरी येतात.”

खाली रस्त्यावर कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं. जोकीमने विचारलं, “ओलिंडालाही माहीत नाही म्हणजे?”

“नसणार.”

तो उठला, दोन पायऱ्या उतरला आणि परत येऊन बसला.

सिन्योराच्या अंत्यविधीला तो चर्चमध्ये आला. सगळ्यात मागे, खांबाआड उभा राहिला, बसला नाही. संपल्यावर मी त्याला घेऊन बसथांब्यापाशी टेलिफोनच्या खोक्याकडे गेले. मी आधी बोलते, म्हणाले. आईने उचलला.

“मिळालं काही?” तिने लगेच विचारलं.

“ओलिंडाला दे.”

“मला सांग आधी. बाई आहे ना? मला वाटलंच होतं.”

“आई, ओलिंडाला दे.”

ओलिंडा आली. मी तिला सगळं सांगितलं: मिशन, रोम, मामा, सिन्योरा, मराठीतली क्षमा. ती मध्ये एकदाही बोलली नाही. गणिताच्या बाई, पुरतं मांडून होईपर्यंत बोलायच्या नाहीत.

“ओलिंडा?”

“त्याने मामाला सांगितलं,” ती म्हणाली.

“हो. पहिल्याच दिवशी.”

“मला नाही सांगितलं.”

“त्याला वाटलं...”

“मी त्याच्या समोर बसले होते, ब्रिजू. अख्खी संध्याकाळ. द्राक्षांच्या रोगांबद्दल सांगितलं त्याने मला. आणि हे सांगितलं मामाला. लग्न मामाशी करायचंय का त्याला? विचार. तिथेच असेल ना उभा? आणि तू का फोन करतेयस? त्याला बोटं नाहीत?”

तिने फोन ठेवला.

मी बाहेर आले आणि तिचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं, मामाशी लग्नापासून बोटांपर्यंत. मग माझ्या हातातलं फोनचं कार्ड घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं.

थंडी मी म्हणत होती. मी काचेतून बघत राहिले. तो आधी ताठ उभा होता, हात मागे बांधून. काहीतरी बोलला, थांबला. मग बराच वेळ नुसताच ऐकत होता. सायप्रसखाली मान घालून बसायचा तसा नाही. इथे तो मध्ये मध्ये तोंड उघडत होता, त्याला बोलायचं होतं आणि पलीकडून संधी मिळत नव्हती. एकदा त्याने कपाळ काचेला टेकलं. एकदा तो हसला, मग घाबरून हसू थांबवलं. हात हवेत काहीतरी समजावत होते. मी त्याला इतके महिने बघत होते, पण असा कधी बघितला नव्हता.

दार उघडून त्याने डोकं बाहेर काढलं. “कार्ड संपतंय. दुसरं आहे?”

“काय म्हणतेय?”

“भांडतेय,” तो म्हणाला. “लवकर दे ना!”

पुढे घरात रणकंदन झालं. मामा आणि आई कित्येक महिने बोलत नव्हते. मामाचं म्हणणं एकच होतं, की सांगितलं असतं तर तुम्ही माणूस बघितलाच नसता. ते खोटं नव्हतं. गावात कुजबुज झाली; काही घरांनी लग्नाला येणार नाही असं निरोप धाडून कळवलं, आणि ती आली नाहीत. ओलिंडाने त्याला वर्षभर थांबवलं. रोज एक प्रश्न विचारते, असं तो मला सांगायचा. लग्न भुसावळला झालं. मी माझा अभ्यास पुरा करून परतले होते. दानुताने पोलंडहून लिननचा टेबलक्लॉथ पाठवला होता. का, ते अजून मला ठाऊक नाही.

आई लग्नाला आली, पण जावयाला नावाने हाक मारेना. पहिल्यांदा तो सासरी आला तेव्हा सगळ्यांसमोर ताट पुढे सरकवत म्हणाली, “घ्या, फादर.” टोमणाच होता तो, चांगला धारदार. ओलिंडा उठून उभी राहिली. पण जोकीमने शांतपणे ताट घेतलं आणि म्हणाला, “थँक यू, आई.”

आईला ते अनपेक्षित होतं. तिने पुढच्या खेपेलाही तेच केलं, त्याच्या पुढच्याही. कधीतरी त्यातला टोमणा झिजून गेला आणि नुसती हाक राहिली. विहिरीचा पंप बिघडला की फादरला बोलाव. फादर, केळीचा घड उतरवायचाय. फादरला मासा जास्त वाढ, सकाळपासून काही खाल्लेलं नाही त्याने.

ती दोघं आता आईजवळच राहत होती. त्यांची मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या बाईंनी ओलिंडाला बोलावून घेतलं. मुलगी काहीतरी भलतंच सांगते, म्हणाल्या. तिला विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणते, मी, मम्मी, आजी आणि फादर.